वासाचं कुंपण आणि आतला उंदीर

साप पळवणारं रोप माझ्याकडे नाही. उंदीर पळवणारं नाही, माकड पळवणारंही नाही. भिवंडीत जुन्या आग्रा रोडला लागून असलेल्या माझ्या नर्सरीत हे वाक्य मला जून-जुलैत दिवसभर म्हणावं लागतं, कारण पहिला पाऊस पडून गेला की मोगऱ्याच्याही आधी याच रोपांना मागणी येते. काल्हेर-कशेळीच्या नव्या टॉवरांचे सेक्रेटरी येतात, माणकोली-राहनाळच्या गोदामांचे मॅनेजर येतात, कारखान्याच्या मागे बंगला बांधलेले यंत्रमागवाले शेठ येतात. सगळ्यांच्या मोबाईलवर तीच यादी: गवती चहा, सर्पगंधा, पुदिना, लसूण, झेंडू, तुळस. "ताई, वासाचं काहीतरी द्या. चारही बाजूंनी लावून टाकू, म्हणजे साप आत येणार नाही."

मी गवती चहा देते, पैसेही घेते. पण चहासाठी म्हणून देते आणि तसं तोंडावर सांगते. या यादीवर लोकांनी भरवसा ठेवणं थांबलं पाहिजे, आणि आम्ही नर्सरीवाल्यांनी पिशवीला 'साप पळवणारी वनस्पती' अशी चिठ्ठी लावून ती विकणंही थांबलं पाहिजे. धंद्यातली काही मंडळी यावर माझ्याशी वाद घालतात. घालू देत.

गवती चहाचंच घ्या. त्याचा वास पानाच्या आत, तेलात कोंडलेला असतो. पान तोडलं, चुरगळलं, आधणात टाकलं की तो सुटतो. कुंपणाला उभं असलेलं बेट शेजारून गेलं तरी फारसा वास देत नाही. साप त्याच्या बुडातून सरकत जातो, पानं चुरगळत बसत नाही. उलट दोन पावसाळे गेले की हे बेट इतकं दाट होतं की आत सावली, गारवा, वाळक्या पानांचा थर आणि बेडूक असं सगळं एका जागी मिळतं. बेटं फोडून नवी रोपं करायची असतात तेव्हा आमचा माणूस आधी काठी आपटतो आणि मगच हात घालतो. त्याला कोणी शिकवलेलं नाही.

गंमत म्हणजे हीच माणसं याच्या उलटही मानतात. रातराणी दारात नको, वासानं साप येतो. केवडा नको, चंदन नको. म्हणजे उग्र वासानं तो पळतो आणि गोड वासानं येतो. सापाची आवड-निवड जणू अगदी आपल्यासारखीच! खाडीकाठच्या केवड्याच्या बनात साप असतात हे खरं आहे. पण काटेरी पानांच्या त्या गुंत्यात उंदीर असतात, बेडूक असतात, पाखरांची घरटी असतात. रातराणीवर रात्री किडे येतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात, त्यांच्यामागे साप येतो. फुलाच्या अत्तराशी त्याला काय करायचंय?

सर्पगंधेची कथा तर आणखी वेगळी. या झुडपाला नाव घेण्यासारखा वासच नाही. नागमोडी मुळामुळे आणि जुन्या समजुतींमुळे तिच्याशी साप जोडला गेला. तिच्या मुळाचा खरा गुण जगाला दाखवून दिला तो मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञानं. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात सर्पगंधेनं रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरच्या अनुभवातून मांडलं, आणि १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. एवढी थोर वनस्पती आपण गेटपाशी राखणदार म्हणून उभी करतो. नुसत्या नावावरून 'स्नेक प्लांट'च्या कुंड्या उंबऱ्याशी मांडणारेही आहेत, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

वासाच्या तेलांचा सापावर काहीच परिणाम होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांच्या मालातून तपकिरी रंगाचे, झाडांवर राहणारे साप पोचले आणि त्यांनी तिथल्या रानातले बहुतेक मूळचे पक्षी संपवले. तो साप मालाच्या खोक्यांतून दुसरीकडे जाऊ नये म्हणून अमेरिकी शास्त्रज्ञांनी दालचिनीच्या, लवंगेच्या तेलाचे फवारे त्याच्यावर मारून पाहिले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात साप खरोखर तडफडत पळाले. पण तो फवारा थेट त्यांच्या अंगावर होता. समोर आलेल्या सापाच्या तोंडावर दालचिनीचं तेल मारण्याइतके आपण जवळ गेलो असू, तर कुंपणाचा प्रश्न केव्हाच मागे पडलेला असतो.

आता उंदीर-घुशी. पुदिन्याच्या वासानं उंदीर येत नाही, असं मला सांगणाऱ्याला मी एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन गटार दाखवते. आपल्या गावात सायझिंगचा धूर आहे, डाईंगचं रंगीत पाणी आहे, कारखान्यांच्या मागे तेलकट चिंध्यांचे ढीग आहेत. त्या सगळ्यात जन्मून, वाढून, मांजराएवढी होणारी भिवंडीची घूस तुमच्या कुंडीतल्या पुदिन्याला नाक मुरडणार? हायवेच्या ढाब्यामागे फेकलेला भात, गोदामाच्या धक्क्यावर फुटलेली बिस्किटांची खोकी, सोसायटीच्या कचराखोलीचं कधीच न लागणारं दार, यांचाही वास येतो तिला. आणि तो वास जेवणाचा असतो. मुंबई महापालिकेनं उंदरांसाठी रात्रपाळीची माणसं ठेवली. काठी आणि टॉर्च घेऊन गल्लोगल्ली हिंडायचं आणि रात्रीत ३० उंदीर मारायचे, असं ते काम. पुदिन्यानं भागलं असतं तर एवढी माणसं रात्र-रात्र जागली नसती.

उंदरांच्या बाबतीत एका झाडाचं नाव मात्र खरंच मोठं आहे, आणि ते आपल्या बांधाबांधावर आहे. गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया. कोकणात त्याला सरळ उंदीरमारी म्हणतात. खतासाठी त्याचा पाला भातखाचरात घालतात, मार्च-एप्रिलच्या सुमारास बिनपानांच्या फांद्यांवर गुलाबी फुलं येतात, आणि पाला सुकला की कापलेल्या गवतासारखा गोडसर वास सुटतो. हे झाड लावलं की उंदीर येत नाही, असं शेतकरी सांगतात. मध्य अमेरिकेतून हे झाड आलं. तिथे त्याचा पाला, साल दाण्यांत मिसळून, आंबवून उंदरांना घालतात. त्यामागचं कारण आता माहीत आहे. पाल्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, बुरशी लागून पाला सडला की त्याचं असं विष बनतं की रक्त गोठत नाही. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरसलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरायला लागली, त्या शोधातून हे विष सापडलं, आणि त्याचाच भाऊ वॉरफरिन १९४८ पासून उंदरांचं औषध म्हणून बाजारात आला. तेव्हा मारतं ते आंबवून खाऊ घातलेलं विष. झाडाचा वास कोणाला हाकलत नाही. उंदीरमारीच्या बुडाशीच घुशीचं बीळ मी पाहिलेलं आहे.

मग जुन्या लोकांनी उग्र वासाच्या झाडांची कुंपणं घातली ती काय उगाच?

मुळीच नाही, आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. माझं माहेर वज्रेश्वरीच्या बाजूचं. परसात अळू, मिरची, वांगी, एखादा तोंडलीचा मांडव आणि भोवती वय. वय म्हणजे जिवंत झाडांचं कुंपण. आमच्या वयीत अडुळसा होता, निर्गुडी होती, अधूनमधून करवंद. अडुळशाचं पान कडू, निर्गुडीचा वास असा की हाताला लागला की जेवतानाही येत राहतो. गावातल्या शेळ्या दिवसभर मोकाट, पण परसात शिरत नसत. आजी त्याचं कारण एका दमात सांगायची: "खाणार नाय तर मोडणार नाय, मोडणार नाय तर घुसणार नाय."

सगळी मेख त्या वाक्यात आहे. शेळी अडुळशाच्या वासानं पळून जात नाही. ती त्याला अंग घासून उभी राहते, सावलीला बसते. फक्त खात नाही. जास्वंदीचं किंवा बोगनवेलीचं कुंपण ती महिन्याभरात कुरतडून त्याला खिंडार पाडेल, अडुळशाचं पाडत नाही. म्हणून ते वर्षानुवर्षं दाट राहतं, आणि दाट असल्यामुळे परसाचं रक्षण करतं. उग्र वास, कडू चव हे झाडाचं स्वतःपुरतं संरक्षण आहे. कुंपणाची राखण वास करतो, बागेची राखण कुंपण करतं. मधली ही पायरी विसरून आपण वासालाच कुंपण समजलो, आणि दोन-दोन फुटांवर पुदिन्याच्या कुंड्या मांडून त्यांच्याकडून भिंतीचं काम मागायला लागलो.

हे एकदा ध्यानात आलं की बाकीचा हिशेब सोपा होतो. येणारं जनावर पाला खाणारं आहे का? शेळी, गाय, म्हैस असेल तर वय उपयोगाची. भिवंडी शहरात तर बागेचा खरा शत्रू शेळीच आहे. सापाच्या नावानं रोपं नेणाऱ्यांच्या बागा शेळ्यांनी साफ केलेल्या असतात. मात्र शेळीसाठी ग्लिरिसिडियाची वय करू नका, तिला तो पाला फार आवडतो. मोगली एरंड शेळी खात नाही, पण त्याच्या बिया मुलं शेंगदाण्यासारख्या खातात आणि दवाखान्यात पोचतात. शाळेच्या किंवा घराच्या कुंपणाला मी तो देत नाही.

साप आणि उंदीर पाला खात नाहीत आणि कुंपणाच्या बुडातून जातात. त्यांना वास, चव आणि दाटी या तिन्हींचं सोयरसुतक नाही. माकड तर वरून येतं. त्याच्यापुढे एकच शहाणपण मी पाहिलं: त्याला नको असलेलं लावायचं. हळद, आलं, सुरण अशी जमिनीखाली धरणारी पिकं घेऊन कोकणातल्या अनेकांनी माकडांशी तह केलाय. पपई-पेरू लावून भोवती झेंडूची रांग घातली तर माकड झेंडू ओलांडतं, पेरू खातं आणि जाताना झेंडू उपटून बघतं.

रानडुकराचं प्रकरण अवघड. तानसाच्या जंगलाकडच्या गावांतून माझ्याकडे शेतकरी येतात, ते यादी घेऊन येत नाहीत, थकून येतात. डुक्कर नाकावर जगतं, त्यामुळे वासाचा प्रयोग कुठे थोडाफार लागू पडला तर तो इथे. मक्याच्या, भुईमुगाच्या भोवती एरंडाच्या दाट ओळी लावाव्यात अशी शिफारस हैदराबादच्या कृषी संशोधकांनी केलेली आहे. एरंड डुक्कर खात नाही, आणि त्याच्या वासात आतल्या पिकाचा वास दबतो. सोलापूर-मराठवाड्याकडे करडईच्या ओळी घालतात, तिथे काम काट्यांचं. पण एरंडदेखील ओळी दाट असतील तरच. चार ठिकाणी एकेक झाड लावून काही होत नाही. बाकी केस पसरणं, जुन्या साड्या बांधणं हे सगळं डुक्कर काही रात्रींत ओळखतं. साड्यांचं म्हणाल तर भिवंडीएवढं कापड कुठे आहे? कापडानं डुक्कर अडलं असतं तर आपल्या तालुक्यात एक दाणा वाया गेला नसता.

वासाच्या याच नादातून शेतात काय शिरलं तेही सांगितलं पाहिजे. फोरेटच्या दाण्यांच्या पुरचुंड्या बांधावर काठ्यांना टांगायच्या, त्या उग्र वासानं डुक्कर येत नाही, ही युक्ती गावोगाव चालली. फोरेट म्हणजे जहाल विष. केंद्र सरकारनं २०१८ साली आदेश काढला आणि २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आली. शहरात त्याच जातीची सवय म्हणजे घराभोवती डांबरगोळ्या आणि फिनेल. डांबरगोळी लहान मूल पांढरी गोळी समजून तोंडात घालतं. साप तिला वळसा घालून जातो, कधी वळसाही घालत नाही.

झेंडूची बदनामी मला करायची नाही. त्याचं खरं काम जमिनीखाली चालतं. त्याच्या मुळांतल्या द्रव्यानं मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या कमी होते, आणि टोमॅटोवरची फळ पोखरणारी अळी झेंडूच्या फुलांकडे ओढली जाते. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं टोमॅटोच्या दर १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ सांगितली ती यासाठी. ती ओळ पळवून लावायला नसते, अळीला स्वतःकडे बोलवायला असते. डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांशी झेंडू झुंजतो, म्हणून तो घुशीशीही झुंजेल असं धरून चालणं म्हणजे त्याच्यावर अन्याय.

"पण ताई, नैसर्गिक आहे, लावलं तर बिघडतं काय?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त चिडवतो. बिघडतं. सोसायटीनं गवती चहाचा पट्टा लावला की सभेच्या वहीत 'सर्प प्रतिबंधक उपाय केले' अशी नोंद होते आणि विषय संपतो. कंपाउंडमधला डेब्रिजचा ढीग तसाच राहतो, पंपघराच्या दाराखालची चार बोटांची फट तशीच, वॉचमनला टॉर्च नाही ती नाहीच. २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हणून. कुंपणाला सुगंधी रोपं लावून हा आकडा खाली येणार नाही.

आपल्याकडे मण्यार आहे. ती रात्री फिरते, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते तेव्हा बऱ्याचदा त्याला जागही येत नाही. आता कारखान्यामागच्या खोल्या आठवा. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले कारागीर पाळीपाळीनं तिथे जमिनीवर झोपतात, एक उठला की त्याच जागेवर दुसरा. शेठजी बंगल्याभोवती सर्पगंधा लावतात, आणि धोका असतो तो त्या खोलीत. नेपाळच्या तराईत केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश फारच कमी झालेला आढळला. साधी मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेली. माझ्या सगळ्या रोपांच्या किमतीत त्या खोलीतल्या सगळ्यांच्या मच्छरदाण्या येतात. हे मी गिऱ्हाइकाला सांगते. काही घेतात, काही दुसऱ्या नर्सरीत जातात. आणि चावलाच साप, तर वेळ न दवडता सरकारी दवाखाना. मांत्रिक नको, पाला नको.

भिवंडी महापालिकेकडे माझं मागणं फार मोठं नाही. जूनच्या आधी नाले उपसतात, तो गाळ आठ-आठ दिवस काठावर पडतो आणि त्यातच घुशी बिळं धरतात. तो त्याच दिवशी उचला. चाविंद्र्याच्या डंपिंग ग्राउंडला जाणारा कचरा वाटेत सांडणार नाही असा झाका. गोदामवाल्यांना धक्क्यावर सांडलेलं खाद्य रात्रीपूर्वी झाडायला लावा, न झाडणाऱ्याला दंड करा. उंदीर कमी झाले की साप आपोआप दुसरीकडे वळतो. आणि नर्सऱ्यांना परवाने देताना रोपांवरच्या खोट्या चिठ्ठ्यांबद्दल एक ओळ घाला, माझ्या नर्सरीपासून सुरुवात केलीत तरी हरकत नाही.

ज्यांना शेळ्यांसाठी वय घालायची आहे त्यांनी मृगाचा पाऊस मुरला की लगेच घाला. अडुळसा आणि निर्गुडी दोन्ही फांदीवर येतात, रोप विकत घ्यायचीही गरज नाही. कोणाच्या तरी बांधावरून हातभर जाडसर फांद्या आणा. दोन रांगा, एकमेकींच्या मधल्या जागेत येतील अशा, एकेक वितीवर खोचा. पहिलं वर्षभर शेंडे छाटत राहा, म्हणजे बुडातून फुटवे येतात. वरून हिरवी आणि खालून पोकळ वय शेळीला दरवाजासारखीच. आणि गेटच्या खांबाशी जागा सोडू नका. शेळी कुंपण बघत नाही, आधी खांबाशी जाते.